दुसरा ब्रेक

गाडी शिकायची म्हटलं की आमच्या औंढ्यात पहिला प्रश्न येतो, ‘किती घेतात?’ दुसरा, ‘लायसन धरून का?’ तिसरा प्रश्न सहसा येतच नाही. बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून बघणारी आम्ही माणसं, ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसलो की पाच हजार रुपये मुकाट मोजून देतो. मग दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी लग्नात भेटतं आणि म्हणतं, ‘लायसन आलं हो, पण गाडी काही येत नाही.’ हे मी इतक्या जणांकडून, आणि त्याहून जास्त जणींकडून ऐकलंय की, लायसन येणं आणि गाडी येणं या दोन वेगळ्या खरेद्या आहेत हे मला शिकायला जाण्याआधीच पटलेलं होतं.

शिकले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. मी शिकवते ती शाळा तालुक्यातल्या आडगावात. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही पावसाळ्यात रस्ता उखडला की अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरणारी. दारात गाडी उभी होती. आमच्या यांनी आधी घरच्या घरी शिकवून पाहिलं. सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही नवरा-बायको होतो, येताना दोघंही काचेबाहेर बघत होतो. तेव्हा फी भरली ती सगळ्यात आधी न ओरडणाऱ्या माणसासाठी. ती भरल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण त्या फीचा हिशेब जरा सोडवून बघावा. केंद्र सरकारच्या दरांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे 150 रुपये, चाचणीचे 300 आणि पक्क्या परवान्याचे 200. वर किरकोळ काही. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधार जोडून घरी बसल्या देता येते. म्हणजे ‘लायसन धरून’ या दोन शब्दांत सरकारी खर्च असतो हजाराच्या आत. बाकीचे पैसे शिकवण्याचे. आणि शिकवण्याचं माप कायद्यात लिहून ठेवलंय, हे स्कूलच्या बाकावर बसलेल्या कुणालाच माहीत नसतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे : खासगी चारचाकीचं शिक्षण किमान 21 दिवसांचं, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी हाकणं किमान दहा तास. रोज अर्धा तास स्टेअरिंग हातात आलं तर 21 दिवसांत साडेदहा तास होतात. नियम करणाऱ्यानं बहुधा हाच हिशेब डोळ्यासमोर ठेवला असावा. मात्र लहान गावात एका गाडीत तिघं शिकणारे बसतात. एक तास, तिघं, म्हणजे वाट्याला वीस मिनिटं. वीस मिनिटांचे एकवीस दिवस म्हणजे सात तास. तीन तास कुठं गेले, ते कुणी विचारत नाही, कारण दिवस मात्र पुरे भरलेले असतात.

याच नियमांत स्कूलनं शिकणाऱ्याच्या नावाची एक नोंदवही ठेवायची असते. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणती गाडी, शिकवणाऱ्याची सही, शिकणाऱ्याची सही. नमुना 15 म्हणतात तिला. मास्तरकीची सवय; मी हजेरीपटासारखं आपलंच पान मागून घेतलं आणि रोज मिनिटं लिहून सही करायला लागले. शिकवणारे एसटीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. ‘ताई, तुम्ही आरटीओच्या कोणी लागता काय?’ मग स्वतःच खिशातलं पेन काढलं. त्यानंतर माझी मिनिटं कधी कमी पडली नाहीत, आणि गंमत म्हणजे माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोन पोरांचीही वाढली.

(त्याच नियमांत स्कूलकडं आणखी काय काय असावं याची यादी आहे. फळा, वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, जॅक, पंक्चर काढायचं साहित्य, प्रथमोपचाराची पेटी, आणि पुस्तकांचं ग्रंथालय! नियम लिहिणारा माणूस नक्की वाचणारा असणार. पण जॅक मागून घ्यावा. एकदा तरी मामांच्या देखत चाक उतरवून चढवावं. आडरस्त्यावर चाक बसलं की तो अर्धा तास फीमधला सगळ्यात स्वस्त अर्धा तास ठरतो.)

आता मागच्या सीटचं. आपली पाळी येईपर्यंत मागं बसून राहायचं याचा लोकांना राग येतो, वेळ फुकट गेला असं वाटतं. मला तसं वाटलं नाही. स्टेअरिंग हातात असताना डोळे बॉनेटच्या पलीकडं जात नाहीत. भीतीनं नजर आखूड होते. मागं बसलं की दिसतं, समोरचा मोटरसायकलवाला आधी मान वळवतो, मग गाडी वळवतो. इंडिकेटर तो देतच नाही, पण मानेनं सांगून टाकतो. माझ्याबरोबरचं कॉलेजातलं एक पोरगं गतिरोधकाच्या अगदी अंगावर गेल्यावर ब्रेक मारायचं, आणि माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं की ब्रेक कुठं मारायला हवा होता ते मला कळायचं. पण मागं बसून शिकणं हे मिनिटांच्या हिशेबात धरू देऊ नये, एवढंच.

आता खरी गोष्ट. स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडलं असतात. तसा नियमच आहे. गाडी थांबवण्याची सोय त्याच्याही हाती, खरं तर पायी, असली पाहिजे. लोक त्याला डबल ब्रेक म्हणतात. ब्रेकच्या जोडीला क्लचही असतो. आणि फी देऊनही गाडी न येण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

होतं असं. गाडी उचलताना डावा पाय हळूहळू वर आणायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित थरथरतं. तो हाफ क्लच. तिथं पाय क्षणभर थांबवला तर गाडी सरकते, नाही थांबवला तर धक्का मारून बंद पडते. माझी गाडी पहिल्या आठवड्यात फारशी बंद पडलीच नाही. मला वाटलं, हात बसला. मग एकदा चढावर थांबलो असताना लक्षात आलं, माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली चाललंय. मी दाबलेलं नाही आणि ते दबतंय. मी तिरकं पाहिलं. मामा समोर बघत सुपारी कातरत होते, आणि त्यांचा डावा पाय शांतपणे आपलं काम करत होता. गाडी माझ्या नावावर लिहिली जात होती, आणि चालवत होते मामा.

यात फसवणूक कुठं नाही. तीस-पस्तीस वर्षं क्लच दाबलेला पाय, इंजिन कण्हलं की मेंदूला न विचारता जातो. शिवाय मागं दोघं बसलेले, मागून ट्रक हॉर्न देतोय; गाडी बंद पडली तर सगळ्यांचाच खोळंबा. म्हणून सांभाळून घेतात. आणि शिकणारा खूश होऊन घरी जातो.

संत नामदेव नरसीचे, म्हणजे आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. गोरोबाकाकांनी थापटणं मारून हे मडकं कच्चं म्हणून सांगितलं, तेव्हा गुरूच्या शोधात ते औंढ्याला आले. आमच्याकडची कथा अशी, की नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले होते. पाय बाजूला घ्या म्हटल्यावर विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेवांनी ठेवले तिथं पिंडी उभी राहिली. तेव्हा या गावात गुरूच्या पायांकडं बारकाईनं बघायची वहिवाट तशी जुनी आहे. मीही बघायला लागले.

‘मामा, पाय मागं घ्या.’

‘आँ?’

‘क्लचवरचा पाय. मागं घ्या. बंद पडू द्या गाडी.’

‘आन् कुठं ठोकली मंग?’

‘ब्रेकवर असू द्या की एक पाय. पण दाबायच्या आधी मला सांगायचं, आणि दाबला की तोंडानं म्हणायचं, दाबला म्हणून.’

मामांना हे मजेशीर वाटलं असावं. त्यांनी चप्पल काढली, डावा पाय ओढून मांडीखाली घेतला आणि म्हणाले, ‘घ्या. आता तुम्ही आन् नागनाथ.’ पुढं कितीतरी दिवस गाडी धक्के खात राहिली. आम्ही त्या वेळी दुधाळ्याच्या बाजूला जात असू. तिथल्या माळावर लायगोची, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाइतकी हालचाल टिपणारे. 2023 साली केंद्रानं तिला 2600 कोटींची मंजुरी दिली. इथली जमीन शांत, फार हादरत नाही, म्हणून जागा निवडली म्हणतात. दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकायला जगातले शास्त्रज्ञ यायच्या आत माझा क्लच सुधारलेला बरा, असं मागच्या पोरानं ऐकवलंच. पण त्या धक्क्यांतच पायाला हाफ क्लचची जागा सापडली.

त्यातून मला एक हिशेब सुचला, आणि फीचे पैसे वसूल झाले ते त्यामुळंच असं मी मानते. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी नेणं हे घरच्या माणसाला शेजारी बसवूनही जमतं. शिकाऊ परवाना हवा, पक्कं लायसन असलेला माणूस गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा, पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. कायद्यानं एवढंच मागितलंय. घरच्या माणसाकडं काय नसतं? दुसरा ब्रेक. त्याच्या हाताशी फार तर हँडब्रेक असतो. मग ज्याचे आपण पैसे मोजतो तो दुसरा ब्रेक सकाळी सातच्या रिकाम्या रस्त्यावर का खर्च करायचा? तिथं तर मामांना मी पाय मागं घ्यायला सांगितलं होतं. त्यांचा पाय मला हवा होता तो जिथं माझी एकटीची जायची छाती होत नव्हती तिथं.

स्कूलवाल्यांचा ठरलेला रस्ता असतो. त्याच रस्त्यानं जायचं, त्याच झाडाखाली गाडी वळवायची, त्याच रस्त्यानं यायचं. गाडीलाच पाठ झालेला. मी कागदावर लिहून नेलं, मला कुठं जायचंय ते. मामांनी यादी वाचली आणि म्हणाले, ‘ताई, यातलं एकबी ठिकाण शिकायचं नाही.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच.’

पहिलं, बसस्टँडापासून देवळाकडं, आणि तेही श्रावणातल्या सोमवारी. नारळ-बेलफुलाचे गाडे, रस्त्याच्या मधोमध थांबून चपला शोधणारी माणसं, आईचा हात सोडून पळणारी लेकरं, आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या गायी. नामदेवांना मागं जाऊन कीर्तन करा म्हटलं तर देऊळच फिरलं, नंदी मागं राहिला. पण त्या गर्दीत गाडी काही केल्या फिरत नाही. तिथं मला पहिल्या गेअरमध्ये, ॲक्सिलेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी माणसाच्या चालीनं न्यायला शिकता आलं. हॉर्न वाजवू दिला नाही मामांनी. ‘वाजवला की माणूस हलत नाही, वळून बघतंय,’ म्हणाले. ते खरंच तसंच आहे.

दुसरं, डांबराची कड. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याच पुस्तकात हे मला सापडलं नाही आणि आमच्याकडं रोज लागतं. आतल्या रस्त्यांवर डांबर एका गाडीपुरतं. समोरून एसटी किंवा टेम्पो आला की दोघांनीही डावीकडची चाकं साइडपट्टीवर उतरवायची. पावसानं मुरूम वाहून गेलेला असतो, डांबर आणि पट्टीत वीतभर खाच. नवा माणूस उतरतो बरोबर, चुकतो तो वर येताना. चाक कडेला घासायला लागलं की घाबरून स्टेअरिंग जोरात उजवीकडं ओढतो. चाक आधी चढत नाही, आणि चढलं की एकदम चढतं, गाडी थेट समोरच्याच्या अंगावर. मामांनी मला वेग कमी करून पट्टीवरच सरळ चालायला लावलं. घाई नको, पलीकडची गाडी गेली ना, मग आता रस्ता आपलाच आहे. खाच उथळ दिसली की स्टेअरिंग थोडं जास्त वळवून चाक कडेवर तिरकं घ्यायचं, आणि वर आल्याबरोबर सरळ करायचं. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि उजवा हात स्टेअरिंगच्या खाली, न टेकवता, तयार. त्या हातासाठीच मी पैसे दिले होते.

तिसरं, रात्र. ड्रायव्हिंग स्कूलचे तास सकाळचे किंवा दुपार कलल्यावरचे. अंधारात गाडी चालवायची वेळ येते ती थेट लायसन मिळाल्यावर, बहुतेक घरात कुणी आजारी असताना. मी एक तास अंधार पडल्यावरचा मागून घेतला. त्याचे मामांनी जास्तीचे शंभर मागितले, ते बरोबरच होतं. वसमतच्या रस्त्याला, ऐन गाळपाच्या दिवसांत. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, वर साउंड सिस्टीमवर गाणी इतकी मोठ्यानं की हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्य नाही. दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा जास्त डुलते, आणि उसाचे शेंडे दोन्ही अंगाला हातभर बाहेर. समोरून येणाऱ्यानं डिपर मारला नाही तर त्याच्या दिव्यात बघायचं नाही, आपल्या डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची. ओव्हरटेक करताना तिसऱ्यात यायचं. ट्रॉल्या संपल्या म्हणजे ट्रॅक्टर संपला असं समजायचं नाही. आतल्या आरशात ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे दिसेपर्यंत डावीकडं यायचं नाही. त्या रात्री मामांनी एकदा ‘दाबला’ म्हटलं. एकदाच. पुढं ट्रॉलीतून पडलेल्या उसाची मोळी होती, मला दिसली नव्हती.

या तीन गोष्टींना मिळून जेवढा वेळ गेला तेवढ्यात माझ्याबरोबरच्या पोरांनी आठचे आकडे आणि रिव्हर्स पक्कं करून घेतलं. त्यांची घाई वेगळी होती. शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाले की चाचणी देता येते, म्हणून एकतिसाव्या दिवशी हिंगोलीला आरटीओत हजर व्हायचं, अशी सगळ्यांचीच धाव असते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, त्यातले पाच महिने वाया घालवायची ही काय घाई, मला कधी समजलं नाही. सरकारलाही आपले दहा तास कमी वाटत असावेत. 2021 साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे जे नियम झाले त्यांत चारचाकीचा अभ्यासक्रम 29 तासांचा आहे, त्यातले 21 तास प्रत्यक्ष गाडीवरचे. औंढ्यात बसून तसलं केंद्र कधी बघायला मिळेल ते मिळेल. तोवर दहाचे पंधरा, पंधराचे वीस आपले आपणच करायचे, आणि ते घरच्या गाडीवर, फुकटात होतात.

चाचणी मीही दिली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.

शेवटचे तास मात्र मी स्कूलच्या गाडीवर घेतलेच नाहीत. स्कूलची गाडी लहान, क्लच लोण्यासारखा मऊ झालेला. घरची गाडी लांब, क्लच वरच धरणारा, आणि मागची काच बसक्या छपराची. रिव्हर्स घेताना तुळशीवृंदावन दिसतच नाही. मामांना म्हटलं, राहिलेले तास आमच्या गाडीवर करा. ते आधी नको म्हणाले, कारण तिथं त्यांच्या पायापाशी काहीच नव्हतं. मग आले. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला गेला, मला आवाज आला. दोघंही हसलो. ‘घाबरायलात कामून मामा?’ म्हटलं. ‘घाबरायलो नाही, सवय मोडायलोय,’ म्हणाले.

हे सगळं मी माझ्या पुण्याच्या जावेला फोनवर सांगितलं. तिनं तिथल्या एका मोठ्या स्कूलमध्ये शिकून लायसन काढलंय. गाडी सोसायटीच्या तळघरात कव्हर घालून उभी असते आणि ती रिक्षानं जाते. ती आता पुन्हा पूर्ण कोर्स लावायच्या बेतात होती. मी म्हटलं, कोर्स नको, नुसते तास माग. तुझ्या गाडीवर, तुझ्या तळघरापासून सुरू करायचं. तिथला तो वळणाचा चढ, गेटमधून भर रस्त्यात शिरणं, मंडईपाशी गाडी लावणं आणि परत काढणं. एवढंच, पुन्हा पुन्हा. बाकीचं पुणे तुला चालवायचंच नाही. स्कूलवाले आधी म्हणाले, असं सुटं देत नाही, पॅकेजच घ्यावं लागेल. तिनं दुसरीकडं विचारलं. तिथं तासाचा भाव सांगितला. मला ऐकून जास्त वाटला. तिनं सहा तासांचे पैसे भरून टाकले, आणि वर त्यांना विचारलं म्हणे, नोंदवहीत सही कुठं करायची.